ना हरकत दाखला

बर्फाच्या कारखान्यात मी पावत्या लिहितो,
म्हणून निळकंठ गिरप माझ्याकडे आला.
दार ट्रक आत येईल एवढं, तरी वाकला.
"अर्ज लिवन दी रे. तुजा अक्षर बरा आसा."

बारा वर्षं मी त्याला पास दिले,
एकदाही त्याच्याकडे बघून नाही.
चेंडू उंच सोडायचा, जिथे कुणी नाही तिथे,
आणि पाठ वळवून परत धावायचं.
बाबी तांडेलनं विणलेलं नायलॉनचं जाळं मागे सळसळलं
की समजायचं, पोचला.

आमचं कोर्ट म्हणजे वेंगुर्ला बंदरावरचं मासळी सुकवायचं खळं.
मे महिन्यात गुडघे फुटले तर जखमेलाही
बांगड्याचा वास.
रिंग दर दोन वर्षांनी गंजून झडते,
आणि हा तिला लटकत नाही, दया येते म्हणतो.

मी कागद घेतला.
'प्रति, मा. सचिव, बंदर मित्रमंडळ,
विषय: संघबदलासाठी ना हरकत दाखला मिळणेबाबत.'
इथवर हात सरळ गेला.
"कारण काय लिवू?"
तो बर्फाच्या लाद्यांकडे बघत राहिला.
"लिव कायतरी."

कायतरी म्हणजे काय?
कौटुंबिक अडचण? आई तर त्याची
रोज सकाळी लिलावात पापलेटावरून भांडते, ठणठणीत.
नोकरी? कोल्हापूरवाले गोदामात चिकटवतायत, ते खरं.
की गेल्या वर्षी जिल्ह्याची फायनल जिंकून
आपण सातजण एका टेम्पोत, ओल्या कपड्यांत परत आलो
आणि बंदरावर कुणीच जागं नव्हतं, ते?
ते लिहू का?

बातमी बर्फाआधी फुटली.
सचिव रेडकर म्हणाले, "आमी केला तेका मोठो."
कुणी म्हणालं, हातावर पैसे ठेवलेनी.
सावंतवाडीविरुद्धच्या सामन्याला तो आला,
अकरा नंबरचा गंजी उलटा घालून कठड्यावर बसला,
एक शब्द नाही.
आम्ही एकोणीस गुणांनी हरलो.
मध्यंतरात मी त्याला पाण्याची बाटली दिली.
ती मात्र बघून दिली.

मग बोलणी झाली, चहाच्या टपरीवर, तासाभरात:
त्यांच्याकडून सहा नवे चेंडू,
एक काचेसारखा पारदर्शक बोर्ड,
आणि बदल्यात एक मुलगा.
रेडकरांनी बोर्डाची जाडी तीनदा विचारली.
मुलाची उंची कुणी विचारली नाही.

सही करताना अर्ज वाचला नाही त्यांनी.
'कारण' पुढची जागा मी रिकामी सोडली होती,
कार्बन कॉपीतही ती तशीच आहे, माझ्या खणात,
डिझेलच्या बिलांखाली.

जायच्या दिवशी निळू एसटीच्या खिडकीतून
काही म्हणाला. इंजिनात ऐकू आलं नाही.
मी हात केला. त्यानंही केला.
पुन्हा विचारायला हवं होतं बहुतेक.

बदल्यात आलेला मुलगा विश्वंभर शेळके, कागलचा.
पहिल्या दिवशी विचारतो, "वास रोज असाच येतो का हो?"
माशाचा काटा घशात अडकवून घेतला त्यानं दोनदा,
तरी ताट पुढे करतो.
नवा बोर्ड इतका स्वच्छ, की आरपार समुद्र दिसतो
आणि नेम धरायला काहीच सापडत नाही.

काल सरावात मी डावीकडून कापत आत शिरलो,
हातानं आपणहून चेंडू सोडला, उंच,
आणि मी पाठ वळवून धावलो.
जाळं वाजलं नाही.
कठड्यापलीकडे, खडकांत, टप् टप् करत तो गेला.
विश्वंभर उडी मारून पलीकडे उतरला,
गुडघाभर पाण्यातून चेंडू काखेत घेऊन आला,
पँट पिळत म्हणाला,
"कुणाला देत होता?"

मी म्हटलं, जरा मागे सर. अजून मागे.
आता हात वर कर. बघू कुठवर पोचतो.